जर्मनीला निघालेल्या सोलापूरच्या नर्सला: तिथे मला कुणी विचारेल का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. बी.एस्सी. नर्सिंग झालंय, इथल्या एका खासगी हॉस्पिटलात काम करतेस, जर्मनची बी-१ परीक्षा पास झालीयेस आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलचं पत्र हातात आलंय. पगार, व्हिसा, परीक्षा यांवर एजंटपासून मावशीपर्यंत सगळे बोलतात. पण रोजचं राहणं कसं असतं, ते कुणी सांगत नाही. लोक थंड असतात का, करमेल का, सोबत काय न्यावं, हे तू विचारलंयस. आणि आईचं म्हणणं असं की त्या गावात आपलं एकही माणूस नाही, तेव्हा मोठं शहर मागून घे.

तुला ‘तू’च म्हणते. माझ्याकडे संध्याकाळी जर्मन शिकायला येणाऱ्या मुली तुझ्याच वयाच्या आहेत आणि हाच प्रश्न वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता विचारतात. मी श्टुटगार्टजवळच्या एका गावात बरीच वर्षं वॉर्डात काम केलं, मग घरच्या कारणाने सोलापूरला परत आले. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते वॉर्डातून, जिन्यातून आणि स्वयंपाकघरातून पाहिलेलं आहे. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघ, माझ्या आठवणीवर विसंबू नकोस.

जर्मन माणूस थंड की गरम याच्याशी तुला खरं तर फारसं घेणंदेणं नाही, असं मला वाटतं. तुझी भीती आहे ती ‘तिथे मला कुणी विचारेल का’ याची. सोलापुरात माणसाला सतत कुणी ना कुणी विचारत असतं. जेवलीस का, कुठं निघालीस, पगार किती, लग्नाचं काय ठरलं. वैताग येतो, पण त्या विचारण्यातूनच आपण कुणाच्या तरी हिशेबात आहोत हे कळत राहतं. तिथे पहिले काही महिने असं विचारणारं कुणी नसतं आणि मुली त्याचा अर्थ ‘यांना मी नकोय’ असा लावतात. माझं सगळं उत्तर या गैरसमजाभोवती फिरणार आहे.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते. हॉस्पिटलात लागलीस की वृद्धाश्रमात, यावर खूप काही ठरतं. वृद्धाश्रमात तीच माणसं वर्षानुवर्षं असतात, भाषा लवकर येते, पण मनावर ओझंही येतं. एप्रिलमध्ये उतरलीस की नोव्हेंबरमध्ये, याने पहिल्या तीन महिन्यांचा रंगच बदलतो. सोबत राहणाऱ्या मुली कशा आहेत, वॉर्डची प्रमुख कशी आहे, यावर तुझा माझा काही ताबा नाही. आणि स्वभाव. मुळात अबोल असशील तर कदाचित तुला ती शांतता आवडूनही जाईल. माझ्या काही विद्यार्थिनींना आवडली, आता त्या सुट्टीला आल्या की सोलापूरच्या गोंगाटाची तक्रार करतात.

आता मुख्य गोष्ट. तिथे आग्रह नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपलं निम्मं वागणं आग्रहावर उभं आहे. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं, यजमानाने ते ऐकायचं नसतं, आणि तिसऱ्या ‘नको’नंतर ताटात भाकरी पडते. तिथे तू एकदा ‘नको’ म्हणालीस की विषय संपला. माझ्या एका विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात सहकारी बाईंनी घरी बोलावलं, केक पुढे केला, ही सवयीने ‘नको, थँक यू’ म्हणाली. केक परत गेला आणि ही उपाशी घरी आली. रात्री मला फोन करून म्हणाली, ‘मॅडम, एकदासुद्धा घे म्हणाल्या नाहीत.’ त्या बाईंच्या बाजूने बघ: तिने नको म्हटलं, तिच्या शब्दाचा मान ठेवला, जबरदस्ती केली नाही. त्यांच्या लेखी हाच शिष्टाचार. हवं असेल तर पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हण, आणि ‘हो’ म्हटल्यावर खा.

याच्याच पोटात दुसरी गोष्ट येते. आपल्याकडे गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की जुनी माणसं चहा घेऊन जातात, पाणी कधी येतं ते सांगतात. तिथे नव्याने आलेल्याने जायचं असतं. तू नव्या घरात गेलीस की पहिल्या आठ-दहा दिवसांत वरच्या-खालच्या दारांची बेल वाजवायची, नाव सांगायचं, कुठे काम करतेस ते सांगायचं आणि निघायचं. दोन मिनिटांचं काम. ते केलं नाहीस तर शेजारीण वर्षभर तुझी वाट बघेल आणि तू तिची. कामाच्या जागी तेच: नवी आलेली व्यक्ती पहिल्या काही आठवड्यांत एक दिवस सगळ्यांसाठी काहीतरी खायला आणते, आणि नोकरी सोडतानाही आणते. वाढदिवसाला केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा. कुणी आठवण ठेवेल म्हणून वाट बघत बसलीस तर दिवस कोरडा जाईल. आणि हो, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत; ते तिकडे अपशकुनी मानतात. इतक्या शिस्तीच्या लोकांत हे एवढं कुठून आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

काय न्यायचं म्हणशील तर शेंगापोळी ने. गूळ-शेंगदाण्याची चव त्यांना पटते, माझ्या वॉर्डात डबा उघडला की संपायचा. फक्त डब्यावर ‘यात शेंगदाणे आहेत’ असं चिठ्ठीवर लिहून चिकटव. युरोपात खाण्याच्या पदार्थांवर ज्या १४ ॲलर्जीकारक गोष्टींची नोंद करावी लागते, त्यांत शेंगदाणा आहे, आणि लोक ते गांभीर्याने घेतात. चिठ्ठी लावलीस तर ‘मुलगी जबाबदार आहे’ अशी नोंद आपोआप होते.

तिसरं, नमस्कार. यात मात्र ती माणसं आपल्यापेक्षा पुढे आहेत. डॉक्टरच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या अनोळखी लोकांना, आत येणारा प्रत्येक जण अभिवादन करून मगच बसतो. बेकरीत, जिन्यात, लहान गावात तर रस्त्यावरही. आपल्याकडे अनोळखी बाईने अनोळखी माणसाला रस्त्यात नमस्कार घातला तर लोक वळून बघतील. म्हणून आपल्या मुली मान खाली घालून जातात, आणि गावात चर्चा होते की नवी नर्स गर्विष्ठ आहे. थंड कोण, हे दोन्ही बाजूंनी असं चुकीचं मोजलं जातं.

मैत्री कशी होते, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. आपल्याकडे मैत्री वेळ घालवून होते: सात रस्त्याला चहा, नवी पेठेत उगाच चक्कर, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसणं. तिथे मैत्री काहीतरी एकत्र करून होते, आणि त्यासाठी संस्था असते. तिला ‘फेराइन’ म्हणतात. नोंदणीकृत अशा संस्था जर्मनीत सहा लाखांच्या घरात आहेत. गायनाची, जिम्नॅस्टिक्सची, डोंगर चढण्याची, बागकामाची, कार्निव्हलची. लहान गावांत तर आग विझवायला येणारे बहुतेक जण स्वयंसेवकच असतात, आणि ते पथक हेही गावातलं मोठं मित्रमंडळ असतं. गणपती मंडळात किंवा तालमीत जो माणूस वर्गणी मागायला, मांडव घालायला उभा राहतो तो आपोआप गल्लीचा होतो की नाही? तसंच. तुझा आवाज बरा असेल तर गायनमंडळात जा, नसेल तर व्यायामाच्या गटात. दर मंगळवारी साडेसात म्हणजे साडेसात. पहिले दोन महिने कुणी फारसं बोलणार नाही, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणेल की पुढच्या महिन्यात १४ तारखेला जेवायला ये. तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे म्हणून मन खट्टू करू नकोस. आपलं ‘या कधीतरी घरी’ हवेत विरतं. त्यांची १४ तारीख डायरीत शाईने लिहिलेली असते. मात्र त्या दिवशी पाच-सात मिनिटं जरी उशीर होत असेल तर कळव.

वॉर्डाबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं, कारण तुझे जागेपणीचे बहुतेक तास तिथे जाणार आणि सगळ्यात जास्त रडारड तिथूनच येते.

इथे पेशंटसोबत नातेवाईक असतात. डबा, पाणी, बेडपॅन, रात्री खाटेखाली झोपणं, सगळं तेच करतात. उरलेलं मावशी आणि वॉर्डबॉय. नर्सने इंजेक्शन, सलाईन, फाइल सांभाळायची. तिथे पेशंट एकटा असतो. नातेवाईक भेटायला येतात, फुलं ठेवतात आणि जातात. पेशंटला धुणं, पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, संडासला नेणं हे सगळं नर्सचं काम. चार वर्षांची पदवी घेऊन गेलेल्या आपल्या मुलींना पहिल्याच आठवड्यात धक्का बसतो: ‘यासाठी शिकले का?’ त्यात आपल्या पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत हुद्दा सहायकाचा असतो, त्याने जखमेवर मीठ.

याकडे मी कसं बघते ते सांगते. तिथलं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं असतं आणि त्यात अंघोळ घालणं हा तपासणीचा भाग मानतात. पाठीवर झोपून जखम होऊ लागलीय का, पायाला सूज आहे का, गिळताना ठसका लागतो का, कालच्यापेक्षा आज माणूस गोंधळलेला आहे का, हे फाइल वाचून कळत नाही. ओल्या टॉवेलने पाठ पुसताना कळतं. हे एकदा पटलं की कमीपणा वाटणं थांबतं. ज्यांना पटलं नाही त्या मुली मी दुःखी होताना पाहिल्यात. म्हणून तुला निघण्याआधीच स्पष्ट सांगते: हे काम मनापासून करायची तयारी नसेल तर जर्मनीत नर्स म्हणून जाऊ नकोस. एजंट हे सांगत नाही.

आपण म्हाताऱ्या पेशंटला ‘आजी’ म्हणतो, गालावरून हात फिरवतो. तिथे ते करू नकोस. त्या फ्राऊ (श्रीमती) अमुक, ते हेर (श्रीयुत) तमुक. आडनावाने आणि आदराने. ऐंशी वर्षांच्या बाईला अनोळखी मुलीने आजी म्हटलं तर तिला वाटतं, माझं नाव आणि माझं आयुष्य यांनी पुसून टाकलं. हात लावण्याआधी काय करणार ते सांग. उलट सहकाऱ्यांत सगळे एकमेकांना पहिल्या नावाने, अरे-तुरे. डॉक्टर आले म्हणून कुणी उभं राहत नाही, आणि डॉक्टरचं चुकतंय असं वाटलं तर नर्सने बोलायचं असतं. नाही बोललीस आणि पेशंटला त्रास झाला तर ‘तुला दिसत होतं, मग गप्प का बसलीस’ असं तुलाच विचारतील.

आणि ‘हो’ची सवय मोड. आपल्याला शाळेपासून शिकवलंय की पुन्हा विचारणं म्हणजे ढ असणं. म्हणून समजलं नाही तरी मान डोलावतो. ती आपली डावी-उजवीकडे हलणारी मान तर तिथे कुणालाच वाचता येत नाही. हो की नाही, काहीच कळत नाही. औषधाच्या मात्रेबाबत समजलं नसताना ‘या’, म्हणजे जर्मनमधलं ‘हो’, म्हणणं हे भाषेच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठं पाप आहे. माझ्या वर्गात मी पहिली दोन वाक्यं घोकून घेते ती म्हणजे ‘मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा’ आणि ‘मी जे समजले ते सांगते, बरोबर आहे का बघा’. दुसरं वाक्य वापरणाऱ्या मुलीवर वॉर्ड प्रमुख लवकर विश्वास टाकते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कौतुकाची अपेक्षा मात्र कमी ठेव. तुझं गाव श्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबेन भागात असेल तर तिथे एक म्हणच आहे: रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. चूक झाली की मात्र सरळ तोंडावर सांगतात, आडपडदा नाही. सांगून झाल्यावर तीच बाई दहा मिनिटांनी तुझ्यासोबत कॉफी पिते. तिच्या मनात काही राहिलेलं नसतं. आपल्या मनात मात्र ते महिनाभर घोळतं. विश्रांतीचंही तसंच: सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर कायद्याने किमान अर्धा तास सुट्टी आहे, ती घे. न घेता राबलीस तर कुणी शाबासकी देणार नाही. आजारी असशील तर कामाची पाळी सुरू होण्याआधी फोन करून कळव; तीन दिवसांपेक्षा जास्त चाललं तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, काही ठिकाणी पहिल्या दिवसापासूनच मागतात. ताप अंगावर काढून कामावर येणं तिकडे बेजबाबदारपणाचं समजतात.

भाषेचं एक सांगते. पुस्तकातली जर्मन बोलणारा पेशंट तुला क्वचित भेटेल. श्वेबिश, म्हणजे श्वाबेनची बोली, ऐकलीस की वाटेल, बी-१ चे पैसे पाण्यात गेले. पण तू सोलापूरची आहेस. शाळेत ‘तू काय करत आहेस’ लिहिलंस आणि बाहेर येऊन ‘काय करायलायस बे’ म्हणालीस. माझं घर पूर्व भागातलं, पद्मशाली. पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले. जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, त्यानंतर अशी कितीतरी घरं आली. घरात तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटच्या बाजूला गेलं की कन्नड, बेगम पेठेत दखनी. आमच्या आजीला यातली एकही भाषा लिहिता येत नव्हती आणि चारही भाषांत तिला भाव करता यायचा. चुका होतात म्हणून ती कधी गप्प बसली नाही. परक्या भाषेत राहणं हे पुण्या-मुंबईच्या मुलींपेक्षा आपल्याला सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. यात गावाचा अभिमान थोडा मिसळलेला असेल, तो वजा करून घे. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून जातेस ना? १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. बाकीचे परतले, हे राहिले, चिनी शिकले, आणि तिथे नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९४२ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी गेले. आपल्या वर्गात या गोष्टीतली नर्सिंगची शिक्षिका कुणालाच आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

घराच्या नियमांवर मी फार वेळ घालवत नाही, ते महिन्याभरात अंगवळणी पडतात. तरी थोडं. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी करायची. टपालपेटीवर आणि बेलवर तुझं नाव असलंच पाहिजे, नाहीतर टपाल परत जातं, आणि तिथे सगळं महत्त्वाचं टपालाने येतं, उत्तराची मुदत घालून. एक फाइल कर, एकही पाकीट न उघडता ठेवू नकोस. रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरामागे महिना १८.३६ युरो आहे, टीव्ही नसला तरी भरावं लागतं. एकत्र राहत असाल तर एकीने भरून वाटून घ्या. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर आवाज नको. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-भाजी आण. रिकाम्या बाटल्या फेकू नकोस, बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात, पण रविवारी नाही, कारण आवाज होतो.

श्वाबेनमध्ये ‘केअरवोखे’ म्हणून प्रकार आहे. आळीपाळीने एकेका बिऱ्हाडाने आठवडाभर जिना आणि दारासमोरचा भाग झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आपल्या मुली यात पहिल्या नंबराने पास होतात. दारासमोर सडा-रांगोळी करून मोठ्या झालेल्या मुलीला जिना झाडायला काय लागतं!

फोडणी मात्र जपून. घरांत धुराची सूचना देणारी यंत्रं छतावर असतात. मोहरी तडतडली, मिरची करपली की ती बोंब मारतात. खिडकी आधी उघड, स्वयंपाकघराचं दार लाव, कोट दुसऱ्या खोलीत ठेव, कारण फोडणीचा वास लोकरीत आठवडाभर राहतो. थंडीतही रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या आणि तेवढा वेळ हीटर बंद ठेवायचा. नाही उघडलीस तर भिंतीला बुरशी धरते आणि घरमालक अनामत रकमेतून पैसे कापतो. आपण धूळ आणि ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लावणारी माणसं, त्यामुळे हे सहज लक्षात राहत नाही.

आता न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. पहिली, अंधार. डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. सकाळची पाळी सहाच्या सुमारास सुरू होते, म्हणजे जाताना अंधार. दुपारची पाळी असेल तर परततानाही अंधार. सोलापूरच्या उन्हाला शिव्या देत वाढलेल्या मुलीला त्या उन्हाची आठवण येऊन रडू येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दुपारचा मोकळा तास मिळाला की पांघरुणात न शिरता बाहेर पड, आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचार. दोन-तीन आठवडे झोप, भूक, रडणं बिघडलं तर ते ‘घरची आठवण’ म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरकडे जा. तातडीसाठी ११२, आणि दवाखाने बंद असताना तातडी नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७.

दुसरी, रंग. कधीतरी एखादा पेशंट म्हणेल, ‘हिचा हात नको, दुसरीला पाठवा.’ स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर मनावर घेऊ नकोस, तो उद्या स्वतःच्या मुलीलाही हाकलेल. शुद्धीतला माणूस असेल तर तिथल्या तिथे वाद न घालता पाळीच्या प्रमुखाला सांग आणि नोंद करायला लाव. चांगली प्रमुख स्वतः जाऊन त्या माणसाला समज देते. वाईट प्रमुख ‘सोडून दे’ म्हणते. दोन्ही प्रकारच्या आहेत. सहन करत राहणं हा सज्जनपणा आहे, असं आपल्याला शिकवलंय. तिथे न सांगितलेली तक्रार ही नसलेली तक्रार असते.

तिसरी, फोन. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. आई रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावेल तेव्हा तुझे तिथे दुपार-संध्याकाळचे तास असतील, म्हणजे बाहेर पडून माणसांत मिसळायची नेमकी वेळ. रोज दोन तास फोनवर राहणाऱ्या मुलीचं शरीर तिथे आणि संसार इथे असतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस ठरवून बोला, बाकी दिवशी आवाजी निरोप. आईला हे निघण्याआधी सांग. तिथे गेल्यावर सांगितलंस तर तिला वाटेल, मुलगी बदलली.

सामानाचं झटपट. युरोपात बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर नाही. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्या यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. शेंगा चटणी, कडक भाकरी, मसाले, पापड चालतात. ज्वारीचं पीठ मोठ्या शहरांतल्या भारतीय किंवा श्रीलंकन तमिळ दुकानांत मिळतं, महिन्यातून एकदा जाऊन आण. सोलापुरी चादर ने, पण ती थंडीसाठी नाही, ती तिथे उन्हाळ्यात लागते. थंडीचे कपडे तिथेच घे.

शेवटी आईचा मुद्दा, मोठं शहर की लहान गाव. २०२४ मध्ये महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार झाल्यापासून तिकडची नावं आपल्याकडे ऐकू यायला लागली, पण केरळच्या मुली १९६० च्या दशकापासून तिथे नर्स म्हणून जात आहेत. तेव्हा ‘एकही आपलं माणूस नाही’ हे आधी तपासून बघ. बहुतेक हॉस्पिटलांत एखादी मल्याळी सिस्टर निघतेच. तरी गृहीत धरू की नाही. माझा कल लहान गावाकडे आहे. शहरात पाच मराठी मुली एका घरात राहतात, भाकरी गरम मिळते, सण जोरात होतात आणि बी-२, म्हणजे जर्मनची पुढची परीक्षा, रेंगाळते. बी-२ रेंगाळली की मान्यता रेंगाळते, आणि मान्यता नाही तोवर पगार सहायकाचा. लहान गावात पहिला हिवाळा कठीण जातो, पण वसंतापर्यंत बेकरीवाली तुझं नाव शिकलेली असते आणि तू तिची बोली.

तू मात्र मुळात एकटेपणाने आजारी पडणारी असशील, आधी तसं झालं असेल, तर आईचं ऐक आणि शहर माग. यात हार नाही. तसं नसेल तर गाव नाकारण्याआधी हॉस्पिटलला चार गोष्टी लेखी विचार: कर्मचारी निवासात खोली किती महिने मिळेल, बी-२ चा वर्ग पाळीच्या वेळेत धरतात की सुट्टीच्या, मान्यतेच्या परीक्षेची तयारी कोण करून घेतं, आणि रात्री नऊ-साडेनऊला दुपारची पाळी सुटल्यावर घरी जायला बस आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर निवास चालत जाण्याच्या अंतरावर असल्याशिवाय सही करू नकोस.